पोत्यातली गिटार

सावरदरी, ता. महागाव
२१ नोव्हेंबर २००४

राजदीपदादा,

जयभीम. माझं पत्र हातात पडताच तू मावशीला सांगशील, पायलला काहीतरी पाहिजे असणार. हो, पाहिजे. पण वस्तू नको, सल्ला पाहिजे, आणि तोही एकाच गोष्टीबद्दल.

आमच्या गायन पार्टीची हालत तुझ्या कानावर आली नसेल. अतुलकाका दिवाळीनंतर सुरतेला गेले, कापडाच्या कारखान्यात. कापूस पिकवून भागत नाही तर कापड विणून बघतो, म्हणाले, आणि बेंजोही सोबत घेऊन गेले. आता बाबांची पेटी, एक ढोलक आणि कोरसमध्ये आई आणि मी, एवढंच उरलं. उमरखेडला चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाची सुरुवात मी लहान होते तेव्हापासून बाबांच्या आवाजाने होते. यंदा तिथल्या समितीचा निरोप आला. नुसत्या पेटी-ढोलकीवर पोरं उठून जातात, तारेचं वाद्य नसेल तर नांदेडच्या पार्टीला आधी बसवू. निरोप ऐकून बाबा त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

तर बेंजोच्या जागी मी बसणार आहे. अतुलकाकांच्या बोटांकडे बघत मी मोठी झाले, आणि बारावीनंतर तुमच्याकडे राहिले तेव्हा तू मला गिटार धरायला शिकवलंस. नांदेडच्या एका दुकानात इलेक्ट्रिक गिटार बघितली. तुझ्या भिंतीवरच्या फोटोत ती जुनी अमेरिकन आहे ना, कडेने काळपट आणि मधे पिवळीधमक, अगदी तशीच. पण डोक्यावर भलतंच नाव. दुकानदाराने लपवलं नाही, म्हणाला कॉपी आहे, ओरिजिनलच्या किमतीत अशांनी खोली भरेल.

वेचणीची माझी मजुरी मी बाजूला ठेवली आहे. सांग, अशी कॉपी घ्यावी का? फोन करू नकोस. बूथवाला आधी स्वतः ऐकतो आणि मग गावाला ऐकवतो.

पायल

*

नागपूर
३ डिसेंबर २००४

पायल,

जयभीम. उत्तर एका शब्दात देतो. नको.

आता का ते ऐक. या कॉप्या दिसायला चिकण्या असतात, खरं आहे. पण खुंट्या अशा की गाणं संपेपर्यंत तार उतरते. तारा पट्टीपासून इतक्या वर की दाबता दाबता बोटांना घट्टे पडतील. फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडा घासलेल्या नसतात, हात सरकवला की ओरबाडतात. आणि तारांचा आवाज उचलणारा पिकअप असा की वाजवण्याआधीच गुणगुणायला लागतो, डबक्यावरच्या डासांसारखा. आमच्या ऑर्केस्ट्रात एक पोरगा असली कॉपी घेऊन आला होता. एका लग्नात वाजवली आणि दुसऱ्या दिवशी तो बेंजो पार्टीत झांज वाजवायला गेला.

मी अमेरिकन गिटार वाजवतो म्हणून शेखी मिरवतो असं समजू नकोस. पण एकदा हातात ओरिजिनल आली की कॉपीला हात लावावासा वाटत नाही. माझ्या गिटारीचं लाकूड तुझ्या वयापेक्षा जुनं आहे. कार्यक्रम झाला की मी तिला मऊ फडक्याने पुसतो आणि मखमली पेटीत ठेवतो.

पैसे ठेव. दोन-तीन वर्षं थांब, मग नागपूरला ये, आपण जुन्या बाजारात बरी बघू. मावसाजींना सांग, उमरखेडच्या समितीपुढे वाकायची गरज नाही. पेटी-ढोलकी खूप झाली.

तुझा
राजदीपदादा

*

सावरदरी
१२ डिसेंबर २००४

राजदीपदादा,

तुझं पत्र आलं तेव्हा गिटार घरी येऊन पंधरवडा झाला होता. खरं सांगते, तुला पहिलं पत्र टाकलं तेव्हाच ती दुकानात माझ्या नावाने बांधून ठेवली होती. मग विचारलं कशाला, असं म्हणशील. तू हो म्हणावंस म्हणून विचारलं. तू नाही म्हणालास, तर तेही ऐकून ठेवलं.

तुझं सगळंच खोटं नाही. फ्रेटच्या कडा खरंच ओरबाडतात. मी विळ्याला धार लावायच्या दगडाने हलक्या हाताने घासल्या, आता ठीक आहे. तारा वर आहेत, पण निंदणी-वेचणीच्या हाताला त्याचं काय कौतुक. गुणगुण मात्र आहे. विहारातला जुना भोंग्याचा ॲम्प्लिफायर मागून आणला, त्याला लावली की घरघर सुरू होते.

पण खरी अडचण ती नाही. अडचण बाबा आहेत. गेल्या वर्षीच्या बियाण्याचं तुला मावशीने सांगितलं असेल. पाकिटावर नावाजलेल्या कंपनीचं नाव, तोच रंग, तेच चित्र, आणि आत कुठलं तरी झाडलेलं बी. निम्मं वावर उगवलं नाही आणि उगवलं त्याला बोंडं धरली नाहीत. तेव्हापासून बाबा कुठल्याही पाकिटातले मूठभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात. पोत्यात कोंब आले तरच ते बी वावरात जातं. घरात कोणी नकली शब्द उच्चारला तरी उठून बाहेर जातात.

मी गिटार दाखवली. त्यांनी आधी कौतुकाने हात फिरवला. मग विचारलं, हे तेच का राजदीपवालं? मी म्हणाले, त्याची कॉपी आहे. हात तिथल्या तिथे थांबला.

“म्हणजे नकली,” बाबा म्हणाले. “एकदा नकली वावरात पेरलं. आता घरात नाही येऊ देत मी.”

मी सांगितलं की बाबा, त्या पाकिटावर दुसऱ्याचं नाव होतं, हिच्यावर हिचंच आहे. त्यांनी ऐकून घेतलं नाही. मीही ऐकलं नाही. शेवटी आजी मधे पडली. तिला कोणी विचारलं नव्हतं, पण ती विचारण्याची वाट कधी बघते?

“छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तं लोक हासले,” आजी म्हणाली. “म्हणे कालचे लोक आज बौद्ध झाले, हे काही असली नाहीत. पन्नास वर्षं होऊन राह्यले आता. धर्मपाल, तू असली हायेस का नकली, सांग मले.”

बाबांनी तरीही हट्ट सोडला नाही. गिटार उचलून पोत्यात गुंडाळली आणि म्हणाले, बियाणं पोत्यात उगवते तेव्हाच आत येते, हेही राहू दे पोत्यातच. तर आता गिटार गोठ्यात आहे, बैलांच्या डोक्यावरच्या आढ्याला टांगलेली. मी तिथेच बसून वाजवते. बैल काही तक्रार करत नाहीत.

पहिली तार तुटली आहे. उपाय सांग. उपदेश नको.

पायल

*

नागपूर
६ जानेवारी २००५

पायल,

गोठ्यात! शेणाच्या वाफेत! तुला माझ्याकडे शिकवलं ते मीच विसरून जावं असं वाटतंय.

असो. घेतलीच आहेस तर ऐक. गिटारचीच तार लाव, दुसरी कोणतीही वायर नको. पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या टोकाला तार दाबून धर आणि मधे फट किती राहते बघ, मान वाकली असेल तर तिथेच कळेल. तारा मी शिकवल्या तशाच लाव, त्या क्रमात फरक करू नकोस. आणि एक कॅसेट भरून पाठव. ऐकल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही.

आता आनंदाची बातमी. मावसाजींचं आईला पत्र आलं होतं. राजदीपने आपली असली गिटार घेऊन चौदा एप्रिलला उमरखेडला यावं, पार्टीची लाज राखावी, असं लिहिलंय. आई तर हरखून गेली, लगेच हो कळवूनही टाकलं. म्हणजे तुझी काळजीच मिटली. मी येतो, बेंजोच्या जागी बसतो, नांदेडच्या पार्टीचं तोंड बंद होईल. तू निवांत कोरस गा. तुझा आवाज गोड आहेच.

तुझा
राजदीपदादा

*

सावरदरी
१९ जानेवारी २००५

राजदीपदादा,

आनंदाची बातमी वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं की तू चेष्टा करतोस.

तू ये. भाऊ आहेस, आमच्या घरी कधीही ये, आई तुझ्यासाठी वांग्याची भाजी करेल. पण माझ्या जागी येऊ नकोस. माझी काळजी मिटली असं तुला कोणी सांगितलं? पार्टीला गिटार चालते, बाबांना गिटार चालते, फक्त माझी चालत नाही. आणि तू त्यावर मला कोरस गायला सांगतोस, तेही गोड आवाजात.

बाबांनी ते पत्र मला न सांगता लिहिलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, समितीपुढे नकली घेऊन बसलो तर लोक काय म्हणतील. मी म्हणाले, लोक काय म्हणतील ते मी बघीन, तुम्ही गा. त्यानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं आहे. बैलांना पाणी दाखवलं का, एवढंच.

कॅसेट सोबत आहे. ऐकण्याआधी दोन गोष्टी समजून घे. गिटारची तार महागावात मिळत नाही, उमरखेडलाही नाही. बेंजोची मिळते, पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे. म्हणून मी बेंजोची तार लावली. आणि बेंजोची तार लावली तर मग बेंजोसारखीच मिळवली. बाबांची पट्टी काळी एक. सगळ्या तारा त्यांच्या सा आणि प वर. तू शिकवलेला क्रम मला पाठ आहे, पण त्या क्रमात बाबांचं गाणं बसवायला गेले की बोटं अडखळतात. अतुलकाका जसे एका सुरावर सगळं उभं करायचे तसं केलं, आणि गाणं आपोआप चालायला लागलं.

मधे जी खरखर ऐकू येते ती कापसाची आहे. यंदा भाव पडले म्हणून घरातला कापूस उशिरापर्यंत विकला नाही, गोठ्याच्या बाजूच्या खोलीत छतापर्यंत होता. त्याचा बारीक भुरा आवाजाच्या बटणात जातो. फुंकर मारून निघत नाही.

जागेचं काय ते कळव.

पायल

*

नागपूर
१५ फेब्रुवारी २००५

पायल,

रागावलेली दिसतेस. मला खरंच वाटलं होतं की मी मदत करतोय.

कॅसेट ऐकली. खरं बोलू? तंत्राच्या दृष्टीने सगळंच चुकलंय. एकही कॉर्ड नाही. तारा वेड्यावाकड्या मिळवलेल्या. मागे गुणगुण, वर खरखर. मी म्हणालो होतो तेच, कॉपी ती कॉपी. पण आमचे ऑर्गनवाले सदाशिवराव शेजारी बसले होते. त्यांनी कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितलं आणि विचारलं, हे कोण वाजवतंय. मी म्हणालो मावसबहीण. त्यावर त्यांनी मान हलवली आणि चहा मागवला. मानेचा अर्थ मला कळला नाही, पण तुला सांगायला हवं असं वाटलं.

जागेचं म्हणशील तर मीही विचार करतोय. उमरखेडला व्होल्टेजचा भरवसा नाही. एसटीच्या टपावर गिटार टाकता येत नाही आणि आत घेऊन बसलो तर कोणीतरी त्यावर गाठोडं ठेवेल. जुनं लाकूड आहे, उन्हाने तडकतं. त्यामुळे ऐन वेळी मला माझी आणणं जमलं नाही तर मी तुझीच वाजवू शकेन, काय म्हणतेस?

फक्त एक कर. हिच्या डोक्यावरचं नाव खरवडून टाक, नाहीतर काळी चिकटपट्टी लाव. दुरून ती हुबेहूब ओरिजिनल दिसते. मावसाजींनाही समाधान, समितीलाही. कोणाला कळणार नाही.

राजदीपदादा

*

सावरदरी
१२ मार्च २००५

राजदीपदादा,

चिकटपट्टी लावणार नाही.

बाबांचं बियाणं कशाने नकली झालं? आत हलकं बी होतं म्हणून नाही. हलकं बी बाजारात पुष्कळ मिळतं, गरीब माणूस समजून-उमजून घेतो आणि पेरतो. ते नकली झालं पाकिटावरच्या नावामुळे. माझी गिटार आज कॉपी आहे. नाव झाकलं की त्याच दिवशी ती नकली होईल, आणि मग बाबांनी तिला गोठ्यात काय, उकिरड्यावर टाकली तरी मला बोलायला तोंड राहणार नाही.

दुसरं. तू माझी वाजवणार नाहीस. मी वाजवणार.

तिसरं लिहू की नको असा विचार दोन दिवस केला. गेल्या आठवड्यात केळापूरच्या लग्नाला मावशी भेटली. मी सहज म्हणाले, दादाच्या गिटारीला उन्हाचं भारी भय दिसतं. मावशी भाबडेपणाने म्हणाली, “त्याची कुठली व? ऑर्केस्ट्राच्या शेठची होय ते. कार्यक्रम झाला का शेठ कुलपात ठेवते. याले घरी कधी आणू दिली त्यानं?”

दादा, मी हसले नाही. बाबांनाही सांगितलं नाही. पण मला रडू आलं, आणि ते तुझ्यासाठी आलं. इतकी वर्षं वाजवतोस, आणि तुला वाटेल तेव्हा हातात घ्यावी अशी एक गिटार तुझ्याजवळ नाही. मध्येच उठून एखादी ओळ वाजवून बघावीशी वाटली तर काय करतोस? माझी बैलांच्या डोक्यावर टांगलेली आहे, तिच्यावर चिमण्या बसतात, पण मी हात वर केला की ती माझ्या हातात येते. तू मला म्हणालास कॉपीला हात लावावासा वाटत नाही. मला दिवसभर दुसरं काही सुचत नाही.

आता एक गंमत. भारनियमन किती वाढलंय तुम्हा शहरवाल्यांना कल्पना नाही. दिवस मावळायला आला की वीज जाते. तालीम बंद पडायला नको म्हणून मी तांड्यातल्या देवसिंगकाकांच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागितली. ते स्वतः घेऊन आले आणि वायरी जोडून दिल्या. ॲम्प्लिफायर सुरू केला, आणि काय सांगू, गुणगुण नाही. एकदम शांत. मी म्हणाले बिघडली वाटतं. तार छेडली तर नुसती तार ऐकू आली, विहिरीत खडा टाकल्यासारखी स्वच्छ. वीज आली की पुन्हा घरघर, वीज गेली की शांत. रोज बघते, रोज तसंच. म्हणजे दोष निव्वळ माझ्या गिटारीत नव्हता, तुमच्या विजेतही होता.

त्या शांततेत मी बाबांचं सुरुवातीचं गाणं वाजवत होते. बाबा ओट्यावर बसून बैलाचा कासरा वळत होते. दुसऱ्या कडव्याला ते गायला लागले. आपण गातोय हे त्यांना कळलं तसे थांबले, खाकरले आणि उठून गेले. मी शेवटपर्यंत वाजवलं.

पायल

*

नागपूर
२९ मार्च २००५

पायल,

आईने सांगितलं ते खरं आहे. शेठने गेल्या महिन्यात स्पष्ट सांगितलं, बाहेरगावी न्यायची नाही. त्याआधी मी विचारायचं धाडस केलं नव्हतं.

गुणगुणीचं मी आमच्या साउंडवाल्याला विचारलं. तो म्हणाला बरोबर आहे, आजूबाजूच्या विजेच्या तारांची घरघर तसला पिकअप पकडतो, वीजच नसेल तर पकडणार काय. ओरिजिनलही पकडते, म्हणाला. आम्ही ती इतकी वर्षं ऐकत होतो, पण तिला कोणी नावं ठेवत नव्हतं.

मी येऊ की नको ते सांग. रिकाम्या हाताने आलो तर मावसाजींना काय तोंड दाखवू?

राजदीप

*

सावरदरी
५ एप्रिल २००५

दादा,

ये. रिकाम्या हातानेच ये. बाबांना मी काही सांगणार नाही, ते तू सांगायचंस. तेराला संध्याकाळपर्यंत पोच, चौदाला दुपारी देवसिंगकाकांच्या ट्रॅक्टरने सगळे उमरखेडला निघणार आहोत. फ्रेट घासायला तुझ्याकडे चांगली कानस असेल तर तेवढी आण.

पायल

*

नागपूर
२० एप्रिल २००५

पायल,

परत आल्यापासून शेठच्या गिटारीला हात लावला तर ती परकी वाटते. दोष तुझा आहे, म्हणून तुलाच लिहितो.

तेराच्या संध्याकाळी मावसाजींना सांगताना माझी काय हालत होती तू दारातून बघतच होतीस. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, चल, हात धू, जेवून घे. मला वाटलं, आता पेटी-ढोलकीवरच जायचं आणि नांदेडच्या पार्टीनंतर बसायचं, असं त्यांनी ठरवलंय.

चौदाला ट्रॉलीत सगळे बसले. तू शेवटी आलीस, पोतं छातीशी धरून, आणि सरळ पेटीच्या शेजारी जाऊन बसलीस. ट्रॅक्टर सुरू झालेला होता, तरी मावसाजींचा आवाज मला ऐकू आला.

“पायल, ते खाली ठेव.”

“नाही ठेवत,” तू म्हणालीस. “बेंजोची जागा रिकामी हाय, मी तिथंच बसन. तुम्हाले गायचं नसन तर गाऊ नका. मी एकटी वाजवन.”

तुझी आजी हसली. देवसिंगकाकांनी मावसाजींकडे वळून बघितलं आणि ट्रॅक्टर हाकला. मला असं बोलता आलं असतं तर शेठला मी कधीच काहीतरी सुनावलं असतं.

पुढचं तू स्टेजवरून बघितलंस. मी खालून बघितलं, तेवढंच लिहितो. नांदेडची पार्टी आधी बसली होती. दोन कीबोर्ड, इलेक्ट्रिक पॅड, रंगीत दिवे. दिवस बुडत आला तशी वीज गेली, आणि थोड्या वेळाने समितीचा जनरेटरही खोकून बंद पडला. त्यांच्या पोरांनी बटणं दाबून बघितली, मग नुसते उभे राहिले. मंडपात गलका सुरू झाला. समितीचा माणूस माइक नसताना ओरडून सगळ्यांना शांत बसायला सांगत होता. तेवढ्यात देवसिंगकाका डोक्यावर बॅटरी घेऊन स्टेजच्या पायऱ्या चढले. तुला वीज गेल्याचं काही वाटलंच नाही, कारण तुझी तालीम रोज वीज गेल्यावरच चालायची.

तू पोतं सोडलंस. पहिली तार वाजली आणि मागे उभे असलेले लोक पुढे यायला लागले. मावसाजींनी पेटी ओढून घेतली आणि तुझ्याकडे न बघता सूर लावला. गुणगुण नाही, घरघर नाही. बेंजोही नाही आणि गिटारही नाही असा आवाज, आणि तो मावसाजींच्या गळ्याशी असा जुळलेला की गाणं कोण पुढे नेतंय ते कळत नव्हतं. मी वीस ऑर्केस्ट्रांत ऐकलेल्या कुठल्याच गिटारीने असं केलेलं नाही. मला माझं तंत्र-बिंत्र सगळं माहीत होतं, तरी मी हाताने ताल धरला होता. शेजारच्या एकाने विचारलं, कोणती गिटार आहे हो. मी तिच्या डोक्यावरचं नाव सांगितलं. त्याने ते नाव पुन्हा म्हणून पाठ केलं, म्हणाला पोरासाठी अशीच घेतो.

कॉपी घ्यावी का, असं तू विचारलं होतंस. मी नको म्हणालो होतो. ते उत्तर मागे घेतो. तारा उतरतील, कडा घासाव्या लागतील, तार महागावात मिळणार नाही, हे सगळं खरं धरूनही मागे घेतो. मला त्या नांदेडच्या दुकानाचं नाव कळव.

राजदीपदादा

*

सावरदरी
३० एप्रिल २००५

राजदीपदादा,

दुकानाचं नाव कळवत नाही. तू इकडे ये, आपण सोबत जाऊ. बोटं ठेवून बघितल्याशिवाय घ्यायची नाही, सगळ्या सारख्या नसतात. दोन-चारांची मान वाकडी होती, मी त्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. आणि तुला आधीच बजावते, चिकटपट्टी घेऊन येऊ नकोस.

समितीने पुढच्या वर्षाचं आमंत्रण देऊन टाकलं, सुरुवातीचंच. त्यांचा माणूस घरी आला होता. तुमच्या तारेच्या वाद्याचं नाव पत्रिकेत काय छापायचं, असं त्याने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, तिलेच विचारा.

उमरखेडहून परतलो तेव्हा बाबा माझ्याशी काही बोलले नव्हते. शाबासकी नाही, काही नाही. मीही मुद्दाम गिटार पोत्यात गुंडाळली आणि गोठ्यात आढ्याला टांगून दिली. म्हटलं, ज्यांनी बाहेर काढली त्यांनीच आत घ्यावी. मी मागणार नव्हते. आई म्हणाली, पोरी, तू बापावरच गेली. मी म्हणाले, बापाची तर कॉपी आहे मी. आईला हसू आवरलं नाही.

असे बारा-तेरा दिवस गेले. परवा सकाळी बाबा नवीन बियाण्याचं पोतं सोडून बघत होते. ओल्या कापडावर दाणे पसरलेले, प्रत्येकाला पांढरा कोंब. चांगलं बी मिळालं यंदा. मी चुलीजवळ होते, पाठ करून, कारण मला बघायचं नव्हतं असं मी ठरवलं होतं. मग ते उठले, गोठ्यात गेले आणि तिथूनच त्यांनी आईला हाक मारली. मला नाही, आईला. पण आवाज एवढा मोठा की तांड्यापर्यंत जावा.

“ममता, उगवलं व हे पोत्यातलं. पायलची गिटार आत घे.”

आता ती अतुलकाकांच्या बेंजोच्या खुंटीला आहे.

पायल